आवाजाची वाट

इमारतीत आवाज दोन वाटांनी शिरतो. एक वाट हवेची. रस्त्यावरचा हॉर्न, शेजारच्या घरातला टीव्ही, जिन्यातल्या गप्पा हवेतून येऊन भिंतीवर किंवा खिडकीच्या काचेवर आदळतात. भिंत डोळ्याला दिसणार नाही इतकी सूक्ष्म हलते आणि हललेली भिंत पलीकडच्या हवेला हलवते. दुसरी वाट बांधकामाची. वरच्या मजल्यावर खलबत्त्यात कुटलेले आले-लसूण, फरशीवरून ओढलेली खुर्ची, भिंतीत चाललेले ड्रिल मशीन, गच्चीवरचा पंप हे सगळे हवेला मध्ये न घेता थेट स्लॅबला, भिंतीला किंवा कॉलमला हादरा देतात. तो हादरा काँक्रीटमधून धावतो आणि दूरच्या एखाद्या खोलीत भिंत-छतावरून पुन्हा आवाज होऊन बाहेर पडतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. काँक्रीटमध्ये त्याचा वेग ३००० मीटरच्या पुढे असतो, आणि वाटेत तो फारसा विरतही नाही. तिसऱ्या मजल्यावरचे ड्रिल आठव्या मजल्यावर भिंतीपलीकडे चालल्यासारखे वाटते, ते यामुळे.

या दोन वाटांवरचे उपाय वेगळे आहेत आणि एकीचा उपाय दुसरीवर चालत नाही. आवाजावर केलेला खर्च वाया जातो तो बहुतेक वेळा वाट न ओळखता केलेल्या उपायामुळे. वरच्या घरातल्या पावलांचा त्रास होणारा माणूस खिडक्या बदलतो, रस्त्याचा त्रास होणारा भिंतीला फोम चिकटवतो आणि दोघांच्याही घरात आवाज पूर्वीइतकाच राहतो.

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेने चालत नाही. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली की पातळी ३ डेसिबलने वाढते, दहापट झाली की १० डेसिबलने. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट आवाजासारखी वाटते. म्हणजे एकसारख्या दहा यंत्रांपैकी नऊ बंद केली, तर ऐकणाऱ्याला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटेल. आवाज कमी करणे इतके कष्टाचे का, हे या हिशेबातून कळते. भारताच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. ही मोजणी इमारतीबाहेरची. झोपण्याच्या खोलीत आत किती असावे, याचा जागतिक आरोग्य संघटनेने १९९९मध्ये दिलेला आकडा ३० डेसिबलचा आहे. वाहत्या रस्त्यालगत ७० डेसिबल सहज भरतात. ७० आणि ३० यांतले अंतर भरून काढण्याचे काम बाहेरची भिंत आणि खिडकी यांच्यावर पडते.

भिंतीच्या बाबतीत पहिला नियम वजनाचा. जड भिंत हवेच्या ढकलण्याने कमी हलते. एकसंध भिंतीचे दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केले, तर तिचा ध्वनिरोध सिद्धान्ताने ६ डेसिबलने वाढतो, प्रत्यक्षात थोडा कमी. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली ९ इंची विटांची भिंत दर चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या पुढे भरते. तिच्या जागी आता सर्रास वापरल्या जाणाऱ्या हलक्या एएसी ब्लॉकची १५० मिलिमीटरची भिंत गिलाव्यासकट दीडशे किलोच्या आसपास असते. वजन एक-तृतीयांशावर आले की रोध आठ-दहा डेसिबलने उतरतो, म्हणजे शेजारचा आवाज जवळजवळ दुप्पट झाल्यासारखा वाटतो. एएसी ब्लॉकचे गुण खरे आहेत: इमारतीवरचा भार कमी होतो, भूकंपात त्याचा फायदा होतो, उष्णता कमी शिरते. पण दोन वेगळ्या कुटुंबांमधली भिंत आणि एकाच घरातल्या दोन खोल्यांमधली भिंत यांत फरक न करता दोन्हीकडे तोच हलका ब्लॉक लावणे चूक आहे. शेजाऱ्यांमधली भिंत जड हवी, किंवा मध्ये पोकळी ठेवून दुहेरी हवी. दुहेरी भिंतीचे दोन थर एकमेकांना कुठेही टेकत नसतील आणि पोकळीत खनिज लोकर भरली असेल, तर कमी वजनातही मोठा रोध मिळतो.

पुण्या-मुंबईच्या उंच इमारतींत अलीकडे दुसरी पद्धत रुळली आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. साइटवर तिला मायवान म्हणतात. या काँक्रीटच्या भिंती जड असतात, त्यामुळे शेजारच्या टीव्हीचा आवाज चांगला अडतो. पण सगळी इमारतच एकसंध दगडासारखी झाल्याने हादऱ्याला वाटेत सांधा म्हणून भेटत नाही. अशा इमारतीत बोलण्याच्या आवाजाची तक्रार कमी आणि ठोकाठोकीची तक्रार जास्त असते. विटांच्या जुन्या इमारतीत ठोकाठोकी इतकी दूरवर जात नाही.

भिंत कितीही भक्कम असली, तरी फट तिला हरवते. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा उघडी राहिली, तर एकूण रोध २० डेसिबलच्या पुढे जात नाही, मग उरलेला ९९ टक्के भाग तीन फूट जाडीचा असला तरी. दाराखालची एक सेंटीमीटरची फट दाराच्या जेमतेम अर्धा टक्का असते. तेवढीच फट कितीही महागड्या दाराला २३ डेसिबलवर रोखून धरते. पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड, एसीच्या पाइपसाठी पाडलेले आणि नीट न बुजवलेले भोक, खोट्या छताच्या वर स्लॅबपर्यंत न नेलेली पार्टिशनची भिंत या सगळ्या फटीच होत. कार्यालयात शेजारच्या केबिनमधले बोलणे ऐकू येते ते बहुधा या शेवटच्या वाटेने.

खिडकी हा बाहेरच्या भिंतीचा सर्वांत कच्चा भाग. रुळांवर सरकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीत पल्ले सरकायचे म्हणून फट ठेवावीच लागते आणि ती केसाळ पट्टीने अर्धवट बुजवलेली असते. रबरी गॅस्केटवर दाबून बंद होणारा बिजागरीचा पल्ला त्याहून कितीतरी सरस. काचेचीही एक खोड आहे. प्रत्येक जाडीच्या काचेला एक अशी वारंवारता असते की त्या ठिकाणी ध्वनीची लाट आणि काचेतली वाकण्याची लाट जुळतात आणि आवाज सहज पार होतो. ६ मिलिमीटरच्या काचेत ही जागा २००० हर्ट्झच्या आसपास येते, माणसाचा कान जिथे तीक्ष्ण असतो तिथेच. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेली लॅमिनेटेड काच ही उणीव बरीच भरून काढते, कारण तो पापुद्रा कंपाची शक्ती जिरवतो. ‘डबल ग्लेझिंग’ या नावाने विकल्या जाणाऱ्या खिडकीबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. ४ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये १२ मिलिमीटरची हवा, ही रचना उष्णतेसाठी आहे. दोन काचा आणि मधली हवा मिळून वजन-स्प्रिंग-वजन अशी जोडी तयार होते आणि ती २४५ हर्ट्झच्या आसपास स्वतःच डोलते. बस-ट्रकच्या इंजिनांची घरघर याच खालच्या पट्ट्यात असते. हीच पोकळी १०० मिलिमीटरची केली, तर तो दोष ८५ हर्ट्झपर्यंत खाली सरकतो. म्हणून जुन्या खिडकीच्या आत चार इंच सोडून बसवलेली दुसरी साधी खिडकी पुष्कळदा महागड्या डबल ग्लेझिंगपेक्षा जास्त उपयोगी पडते.

हे सारे खिडकी बंद असतानाचे. महाराष्ट्राच्या हवामानात वर्षाचे बरेच दिवस खिडक्या उघड्या असतात, आणि अर्धवट उघडी खिडकी जेमतेम १० ते १५ डेसिबल अडवते. तिथे काचेपेक्षा नकाशा महत्त्वाचा. झोपण्याच्या खोल्या रस्त्यापासून मागे, रस्त्याच्या अंगाला जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघरे, बाल्कनीला जाळीऐवजी भरीव कठडा, या गोष्टी कागदावर असतानाच ठरतात आणि त्यांना जादा पैसाही लागत नाही.

भिंतीला फोम, थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवण्यामागे शोषण आणि रोध यांची गल्लत असते. मऊ, सच्छिद्र वस्तू खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतात. पलीकडून येणारा आवाज अडवायला वजन लागते आणि ते त्यांच्याकडे नसते. शोषणाचे शास्त्र उभे केले ते वॉलेस सॅबिन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळत नव्हते, कारण प्रत्येक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. १८९५पासून सॅबिनने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून एकेक करून मांडल्या आणि ऑर्गनच्या नळीचा सूर विरायला किती वेळ लागतो ते मोजले. त्यातून निघालेले सूत्र साधे आहे: खोलीचे घनफळ जितके मोठे तितका निनाद लांबतो, शोषण जितके जास्त तितका तो आखडतो. १९००मध्ये उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल या सूत्राच्या आधाराने बांधलेले पहिले संगीतगृह. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राच्या टाटा थिएटरचा (१९८०) आराखडा फिलिप जॉन्सन यांचा आणि ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. विनामायक्रोफोन भारतीय संगीत ऐकू यावे, हा त्यामागचा हेतू. अशा सभागृहात निनाद जितका जपावा लागतो, तितकीच वातानुकूलनाची घरघर दाबावी लागते, नाहीतर तंबोऱ्याच्या तारा तिच्यात बुडतात.

शोषणाची खरी गरज आहे ती मंगल कार्यालयांत. गुळगुळीत फरशी, काचा, उघडे काँक्रीटचे छत, आणि त्यात पाचशे माणसे. आवाज विरत नाही म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याशी अधिक जोरात बोलतो, आणि त्यातून गलका आणखी वाढतो. छताला शोषक पट्टे लावले तर हा फेरा तुटतो. शेजारच्या सोसायटीला होणारा त्रास मात्र त्याने फारसा कमी होत नाही. तो भिंती, दारे आणि ध्वनिक्षेपकांची दिशा यांचा प्रश्न.

आता दुसरी वाट. मजल्यावरच्या आघाताचा आवाज मोजण्यासाठी एक ठरावीक यंत्र वापरतात. त्यातल्या ५०० ग्रॅमच्या पाच हातोड्या ४० मिलिमीटरवरून सेकंदाला एकूण दहा वेळा फरशीवर पडतात आणि खालच्या खोलीत आवाज मोजला जातो. इथे आकडा जितका कमी तितका मजला चांगला. १५० मिलिमीटरच्या उघड्या काँक्रीट स्लॅबचा आकडा ७५च्या आसपास येतो, १२५ मिलिमीटरच्या स्लॅबचा ७७च्या. स्लॅब एक इंचाने जाड करून मिळतात ते जेमतेम दोन-तीन डेसिबल. त्यावर सिमेंटने चिकटवलेली व्हिट्रिफाइड टाइल काहीच भर घालत नाही, उलट टणक पृष्ठभागामुळे टक-टक अधिक तीक्ष्ण होते. पण स्लॅब आणि फरशी यांच्यामध्ये मऊ थर आला, तर तोच आकडा २० किंवा अधिक डेसिबलने खाली येतो. जाड गालिचाही असाच परिणाम देतो.

स्लॅब आणि फरशी यांच्यामध्ये मऊ थर घालण्याच्या रचनेला तरंगता मजला म्हणतात. स्लॅबवर रबराचा, दाबलेल्या खनिज लोकरीचा किंवा फोमचा पाच-दहा मिलिमीटरचा थर, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर सुमारे दोन इंचांचा कोबा आणि मग टाइल. कोबा चारही बाजूंना भिंतीपासून मऊ पट्टीने सुटा ठेवायचा आणि स्कर्टिंग टाइलला टेकू द्यायचे नाही. टाइलखाली सिमेंट-वाळूचा थर इथल्या घरांत असतोच. उरतो तो त्याच्याखालच्या पातळ चटईचा खर्च, जो फ्लॅटच्या किमतीपुढे नगण्य आहे. तरीही तो सहसा केला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे, कारण घरातल्या शांततेत सर्वांत जास्त फरक पाडणारी वस्तू हीच. आणि हे काम बारीक नजरेने करावे लागते. चटईच्या सांध्यातून सिमेंटचे पाणी खाली झिरपून घट्ट झाले, किंवा एका कोपऱ्यात कोबा भिंतीला चिकटला, तर त्या मूठभर सिमेंटच्या सेतूवरून हादरा उतरतो आणि बाकीची सगळी मेहनत फुकट जाते. जुन्या वाड्यांच्या माड्यांत तुळयांवर पाट्या आणि पाट्यांवर मातीचा जाड थर असे. माती जडही असते आणि कणाकणांच्या घासण्यातून कंप जिरवतेही. तिचा तेवढा गुण काँक्रीटकडे नाही.

यंत्रांचे कंप रोखण्याचे गणित इतके नेमके आहे की त्यात चूक होण्याचे कारण नाही, आणि तरी चुका रोज होतात. स्प्रिंगवर ठेवलेल्या प्रत्येक वजनाला डोलण्याची स्वतःची वारंवारता असते आणि ती फक्त एका गोष्टीवरून काढता येते: वजन ठेवल्यावर स्प्रिंग किती दबली. दाब मिलिमीटरमध्ये मोजून त्याचे वर्गमूळ काढावे आणि १५.८ला त्याने भागावे, की उत्तर हर्ट्झमध्ये मिळते. मिनिटाला १५०० फेऱ्यांचे यंत्र म्हणजे २५ हर्ट्झ. त्याच्याखाली २५ मिलिमीटर दबणाऱ्या पोलादी स्प्रिंगा असतील, तर डोलण्याची वारंवारता ३ हर्ट्झच्या थोडी वर येते आणि यंत्राच्या कंपाचा दोन टक्क्यांहून कमी भाग स्लॅबमध्ये उतरतो. ४ मिलिमीटर दबणाऱ्या रबरावर नववा भाग उतरतो. पण ०.४ मिलिमीटरच दबणारे टणक रबर घातले, तर दोन्ही वारंवारता नेमक्या जुळतात, अनुनाद होतो आणि कंप कमी होण्याऐवजी कितीतरी पट वाढतो. पंपाखाली रबर घालूनही आवाज वाढला अशी तक्रार येते तेव्हा बहुधा हेच घडलेले असते. रबर आहे की नाही हा प्रश्नच नसतो, ते किती दबते हा असतो.

खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणाऱ्या पंपाला उत्तम स्प्रिंगा बसवल्या आणि पाइप मात्र सरळ घट्ट जोडला, तर कंप पाइपमधून भिंतीत जातो. म्हणून पंपाच्या दोन्ही तोंडांना रबरी बेलोज (लवचीक जोड) आणि पाइपच्या क्लँपमध्ये रबरी पट्टी लागते. जड यंत्र स्लॅबच्या मध्यावर न ठेवता बीम-कॉलमच्या जवळ ठेवावे, कारण मध्यावर स्लॅब स्वतःच लवतो आणि स्प्रिंगचा गुण कमी होतो. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण १०० हर्ट्झची असते, ५० हर्ट्झच्या विजेची बरोबर दुप्पट, आणि ट्रान्सफॉर्मरही नीट दबणाऱ्या रबरावर बसवल्यास ती भिंतीत फारशी उतरत नाही. लिफ्टच्या बाबतीत यंत्राखालच्या पॅडइतकेच महत्त्व खोल्यांच्या मांडणीला आहे. लिफ्टच्या भिंतीला लागून पलंगाऐवजी कपाट किंवा न्हाणीघर आले, की अर्धा प्रश्न सुटतो.

यंत्र उचलून स्प्रिंगवर ठेवता येते, पण कंप जमिनीतूनच येत असेल तर? मग इमारतच उचलावी लागते. लंडनमध्ये सेंट जेम्सेस पार्क या भुयारी रेल्वे स्थानकाच्या डोक्यावर १९६६मध्ये अल्बनी कोर्ट ही निवासी इमारत नैसर्गिक रबराच्या आधारांवर उभी करण्यात आली. मँचेस्टरचे ब्रिजवॉटर हॉल (१९९६) पोलादी स्प्रिंगांवर आहे. हॅम्बुर्गच्या बंदरातल्या एल्बफिलहार्मोनीमध्ये (२०१७) जुन्या गोदामाच्या माथ्यावर २१०० आसनांचे संगीतगृह आहे. जहाजांचे भोंगे आत येऊ नयेत म्हणून १२,५०० टन वजनाचे ते अख्खे सभागृह ३६२ स्प्रिंग-संचांवर बाहेरच्या इमारतीपासून सुटे ठेवले आहे. भुजच्या जिल्हा रुग्णालयाखालीही रबराचे आधार आहेत, पण त्यांचा हेतू वेगळा. २००१च्या भूकंपानंतर बसवलेले ते आधार आडव्या दिशेने मऊ आहेत. रेल्वेच्या कंपासाठी उभ्या दिशेने मऊपणा लागतो.

नव्या रेल्वेच्या बाबतीत मात्र इमारतीऐवजी रुळाखाली उपाय करणे केव्हाही शहाणपणाचे, कारण एकाच कामात हजारो घरे वाचतात. मुंबईच्या कुलाबा–वांद्रे–सीप्झ या ३३.५ किलोमीटरच्या भुयारी मेट्रो ३ची वाट गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या चाळींखालून जाते. तिथे रूळ कमी कंपाच्या पद्धतीने टाकले आहेत: रुळाखालचा काँक्रीटचा प्रत्येक ठोकळा रबरी बुटात बसवलेला आणि त्याच्या तळाशी मऊ पॅड. इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातही हीच पद्धत आहे. गाडी जाते तेव्हा ठोकळा बुटात किंचित दबतो आणि कंप बोगद्याच्या भिंतीपर्यंत पोचण्याआधीच बराचसा जिरतो.

शरीराला कंप जाणवणे आणि इमारतीला इजा होणे यांत मोठे अंतर आहे. घरात शांत बसलेल्या माणसाला सेकंदाला ०.३ मिलिमीटर वेगाचा कंप कळू लागतो आणि १ मिलिमीटरला तो तक्रार करतो. जर्मन मानकानुसार कमी वारंवारतेच्या कंपाला राहत्या घरांसाठी ५ आणि नाजूक वारसा इमारतींसाठी ३ मिलिमीटर ही इजेची मर्यादा आहे. भारतात खाण सुरक्षा महासंचालनालयाने सुरुंगांसाठी घालून दिलेल्या मर्यादा घरांना ५ आणि ऐतिहासिक वास्तूंना २ पासून सुरू होतात. म्हणजे भांडी खणखणली की भिंतीला तडा जाणारच, असे नाही. पण ‘इमारतीला धोका नाही’ या उत्तराने रहिवाशाचा त्रास खोटा ठरत नाही, कारण झोप पहिल्याच आकड्याला मोडते. शेजारी नव्या इमारतीच्या पायाचे पायलिंग सुरू होण्याआधी आसपासच्या घरांतल्या तड्यांची छायाचित्रांसह नोंद केली, तर पुढचे वाद पुराव्यावर सोडवता येतात.

माणसेही कंप निर्माण करतात. जुलै २०११मध्ये सोलमधली ३९ मजल्यांची टेक्नोमार्ट इमारत दहा मिनिटे हलत राहिली आणि लोक बाहेर पळाले. व्यायामशाळेत एका लयीत उड्या मारणाऱ्या सतरा जणांचा ताल इमारतीच्या स्वाभाविक वारंवारतेशी जुळला होता, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी प्रयोग पुन्हा करून काढला. इमारतीच्या मजबुतीला धक्का नव्हता. सोसायटीच्या क्लबहाउसमधली जिम घरांच्या डोक्यावर न ठेवता जमिनीवर ठेवावी, असे म्हणण्याला एवढा आधार पुरेसा आहे.

भारतात या विषयाचे नियम नाहीत असे नाही. घरांच्या ध्वनिरोधासाठी आयएस १९५० हे मानक १९६२चे आहे आणि राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६च्या आवृत्तीत आठव्या भागाचा चौथा विभाग याच विषयाला दिलेला आहे. पण संहिता शिफारशीच्या स्वरूपाची आहे आणि ताबा देण्यापूर्वी घराचा ध्वनिरोध मोजून दाखवण्याची प्रथा इथे नाही. इंग्लंडमध्ये २००३पासून नव्या घरांची अशी चाचणी घेतात: दोन घरांमधल्या भिंतीने आणि मजल्याने किमान ४५ डेसिबल अडवले पाहिजेत, आणि मजल्याचा आघात-आकडा ६२च्या वर जाता कामा नये. आपल्याकडे चटईक्षेत्र चौरस फुटाच्या अंशापर्यंत मोजून घेणारा ग्राहक भिंतीचा आणि मजल्याचा हा आकडा विचारत नाही. त्याने तो विचारायला हवा, आणि करारात लिहून घ्यायला हवा.

राहत्या घरात उरतात ते मर्यादित उपाय, आणि त्यांचा क्रम कमी खर्चाकडून जास्त खर्चाकडे आहे. आधी उगमापाशी: खुर्च्यांच्या पायांना नमदा, मिक्सर आणि घरघंटीखाली चांगले दबणारे रबर, पंपाला बेलोज. मग फटी: दाराच्या तळाला पडणारी पट्टी, चौकटीला गॅस्केट. मग खिडकीच्या आतली दुसरी खिडकी. शेजारच्या भिंतीचा त्रास असेल, तर तिला न टेकणारी सुटी चौकट उभी करून खनिज लोकर आणि जिप्समचे दोन थर. वरच्या मजल्याच्या पावलांसाठी रबरी आधारांवर टांगलेले भरीव छत बसवता येते. पण त्याने स्लॅबमधून सरळ उतरणारा आवाजच अडतो. हादरा चारही भिंतींतून उतरत राहतो आणि खोलीत भिंतींवरून ऐकू येतो. तो थांबवायचा तर काम वरच्या घरात, फरशीखाली करावे लागते, आणि त्याची संधी वरचे शेजारी फरशी बदलायला काढतात तेव्हाच येते.